ग्रोवेरची बदकं आणि रविवारची बोट

२७ एप्रिल, शनिवार
वारा वायव्येचा, मध्यम. लाट गुडघाभर. ईडर नर: दोनशे बारा.

एवढं लिहिलं की माझं काम संपलं, असं सुन्निवा म्हणते. वही तिचीच आहे. पान एवढं मोठं आणि नोंद दीड ओळीची. उरलेलं पान कोरं सोडायचं माझ्या जिवावर येतं. चौदाव्या वर्षी लोफोतेनला कॉड मासळीच्या बोटीवर बटाटे सोलायला लागलो, तेव्हापासून साल सोडून काही टाकून द्यायची सवय नाही. तेव्हा उरलेल्या जागेत माझं मी लिहीन. वही परत करायची वेळ आली की तिला नोंदी उतरवून देईन.

सुन्निवा ट्रोम्सोहून आली आहे. आपल्या किनाऱ्यावर ईडर बदकं कुठे कुठे आहेत आणि किती उरली आहेत, हे तिला दोन-तीन महिन्यांत मोजायचं आहे. तिला बोट हवी होती. आमच्या नेस गावच्या धक्क्यावर तिने कोणालाही विचारलं असतं तरी माझंच नाव निघालं असतं. इथले कुठले खडक भरतीला बुडतात आणि कुठले बुडल्याचं सोंग करतात, ते मला पाठ आहे. दुकानदार ओडवारने तिला सांगितलं, "अर्नुल्फची बोट घ्या. वेळेवर येते आणि ती येतेय हे आधी अर्धा तास कळतं."

मोजायची तऱ्हा सोपी आहे. माद्या तपकिरी, खडकाला चिकटल्या की खडकच. नर पांढरे-काळे, लग्नाला निघाल्यासारखे. या दिवसांत जोड्या किनाऱ्याला लागलेल्या असतात, म्हणून नर मोजायचा आणि त्याच्यामागे एक मादी धरायची. सुन्निवा दुर्बिणीतून मोजते. मी कानाने मोजतो. नर ईडर "आ-ऊऊ" करतो, शेजारच्या घरातली भानगड ऐकल्यावर आत्याबाई करतात तसं. धुकं असलं तरी कुठल्या खाडीत किती आत्याबाया जमल्यात ते मला कळतं. आज तिने माझे आकडे स्वतःच्या आकड्यांशी ताडून पाहिले. मग पुढच्या वेळेपासून इंजिन जरा लांबच बंद करा म्हणाली. "बोट छान आहे हो, पण फार बोलते."

एका सिलिंडरचं जुनं इंजिन आहे. अर्धी बुडलेली बोट घेतली होती मी, दोन वर्षांपूर्वी, आणि सगळं इंजिन स्वतःच्या हाताने सोडवून पुन्हा जोडलं. त्याची ठुक्-ठुक् ऐकायला लोक धक्क्यावर थांबतात. ट्रोम्सोच्या लोकांना इंजिनातलं काय कळणार.

२८ एप्रिल, रविवार
वारा पडलेला. ईडर मोजले नाहीत, आज सुट्टी.

रविवार म्हणजे ग्रोवेर. गुनव्होरकडे कॉफीला जातो. बेटावर ती एकटी राहते. तिचा नवरा होकोन गेल्याला सहा वर्षं झाली. होकोन माझ्याबरोबर कॉडवर होता, चांगला माणूस, फार बोलायचा नाही. गुनव्होरची आई, आजी, सगळ्यांनी ग्रोवेरवर ईडर राखली. दगड आणि वाहून आलेल्या फळ्यांची छोटी छोटी घरं करायची, त्यात वाळलेलं समुद्रगवत अंथरायचं, आणि एप्रिलमध्ये दार उघडं ठेवून वाट बघायची. बदकं येतात, अंडी घालतात, स्वतःच्या छातीची पिसं उपटून अंड्यांभोवती लावतात. पिल्लं घेऊन ती समुद्रावर गेली की गुनव्होर ती पिसं गोळा करते. दुलई शिवते. पण दुलईसाठी नव्हे, खरं तर ती बदकांसाठी राहते.

आज कॉफी ओतता ओतता तिने सहज सांगितलं, वारा बदलला म्हणावं तसं. होकोनच्या वेळी एकशेचाळीस घरटी असायची. दोन वर्षांपूर्वी शंभराला आली. मागच्या वर्षी त्याहून कमी. यंदा पन्नासच्या खाली गेली तर शरद ऋतूत घराला कुलूप लावून ती बहिणीकडे त्रोन्धाइमला जाणार. बहिणीच्या इमारतीत रिकामी जागा आहे, लिफ्ट आहे.

मी म्हटलं, "लिफ्टचं काय करणार तू?"

"वर जाईन, खाली येईन," ती म्हणाली. "बदकं नसलेल्या बेटावर मी काय राखायचं? दगड?"

हातातली बटाट्याची पोळी मी बशीत परत ठेवली. शेजाऱ्याची काळजी वाटतेच माणसाला. तिच्या हातात विणकाम होतं, करड्या लोकरीचं, पुरुषी मापाचं. बहिणीच्या नवऱ्यासाठी असणार. पण तो तर काडीपैलवान आहे आणि ही खांदे विणतेय माझ्याएवढे.  बायकांच्या मापात पुरुषांनी पडू नये.

मनात मात्र ठरवलं. ग्रोवेरची बदकं कमी का होतात ते मी शोधून काढणार. मासळीचा धंदा शून्यातून उभा केला मी, बर्फाचं यंत्र आणलं, दोन बोटी केल्या. बदकांचं गणित त्याहून अवघड नसणार.

४ मे, शनिवार
वारा दक्षिणेचा. लाट बरीच. ईडर नर: एकशेचौऱ्याण्णव, आणि सुन्निवाला उलट्या दोन.

उत्तरेकडची सगळी बेटं झाली. सुन्निवा म्हणते, सगळ्या किनाऱ्यावर ईडर थोडी थोडी घटत आहेत. कुठे मिंक आहे, ते मुंगसासारखं अंडीचोर जनावर, कुठे माणसं बेटं सोडून गेली. राखायला माणूस नसला की बदकंही जातात, कारण माणसाच्या दाराशी गरुड आणि कावळा यायला बिचकतात. पण ग्रोवेरचं तिला कोडं पडलंय. माणूस तिथेच आहे, मिंक नाही, आणि शेजारच्या बेटांवर जेमतेम उतार असताना इथे एकदम कडा. तोही दोनच वर्षांत.

"दोन वर्षांपूर्वी तिथे काय बदललं?" तिने विचारलं.

मी पुष्कळ डोकं खाजवलं. मला ते साल पक्कं आठवतं, कारण त्याच वसंतात माझी बोट पाण्यात उतरली. पण ग्रोवेरवर काही बदललेलं आठवेना. मी तर तेव्हापासून दर रविवारी तिथे असतो, काही झालं असतं तर माझ्या नजरेतून सुटलं नसतं. मी तिला तसं सांगितलंही.

सुन्निवा माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "दर रविवारी?"

"पाऊस असो, वादळ असो," मी म्हटलं.

ती पुन्हा दुर्बिणीला डोळे लावून बसली. पोरीला अजून मळमळत असावं.

१२ मे, रविवार
वारा नाही. ऊन. ग्रोवेरवर माद्या बसायला लागल्या.

नवीन जाकीट घालून गेलो. नारिंगी, चकचकीत, पाण्यात पडलो तर रशियातून दिसेन. ओडवारने दुकानात घालून बघायला लावलं आणि म्हणाला, "आता तुझ्याकडे कोणाचं लक्ष गेलं नाही तर ती आंधळी समजायची." मी म्हटलं, ती कोण? तो म्हणाला, कोणी नाही, गिऱ्हाइकाशी असं बोलायची पद्धत आहे.

गुनव्होर धक्क्यावरच उभी होती. ती नेहमीच्या तपकिरी स्कर्टात, आईच्या वेळचा, बदकं बसली असताना ती दुसरं काही घालत नाही. तिने माझ्याकडे पाहिलं, जाकिटाकडे पाहिलं, आणि एकदम आत जाऊन होकोनचा जुना करडा स्वेटर घेऊन आली. हा घालून बस म्हणाली.

मला बरं वाटलं नाही. गरम होत होतं, थंडी नव्हती. आणि मी होकोन नाही. आभार मानले आणि जाकीट घालूनच बसलो, बाहेरच्या बाकावर, जिथून समुद्र दिसतो. बाकाखाली बदकाचं एक घर आहे, त्यात मादी होती. थोड्या वेळाने उठून गेली. पाणी प्यायला गेली असेल.

निघताना गुनव्होर म्हणाली, पुढच्या वेळी पश्चिमेकडून ये, तिकडच्या घळीत बोट लाव. मला कळलं. पूर्वेचा धक्का नेसवरून दिसतो, लोक बोलतात. मी तिला सांगितलं की मी कोणाला घाबरत नाही, उजळ माथ्याने पूर्वेकडूनच येणार. ती हसली आणि मान हलवली. तिला धीर आलेला दिसला.

१७ मे, शुक्रवार
वारा ईशान्येचा, झोंबरा. राष्ट्रीय दिन.

नेसला मिरवणूक, बँड, मुलांचे आइसक्रीम सांडलेले कपडे. गुनव्होर येत नाही, बदकं बसलेली असताना ती बेट सोडत नाही. म्हणून मी केक आणि झेंडा घेऊन तिकडेच गेलो. तिचा झेंड्याचा खांब रिकामा, मेमध्ये ती दोर काढून ठेवते. असं बरं दिसतं का? मी माझा दोर लावला, मोठा झेंडा चढवला, वाऱ्यावर असा फडफडला की काय सांगू. सलाम केला. दोन ओळी गाइल्याही. धक्क्याजवळची बदकं सगळी एकदम उठली आणि समुद्रावर एक फेरी मारून आली, जणू त्यांचीही मिरवणूक.

गुनव्होरच्या डोळ्यांत पाणी आलं. देशप्रेम म्हणजे देशप्रेम. तिने स्वतः झेंडा उतरवला, चार घड्या घातल्या आणि माझ्या हातात दिला. म्हणाली, "अर्नुल्फ, तू फार चांगला आहेस." मग जरा थांबून, "फारच."

परत येताना मी इंजिन अर्ध्या वेगावर ठेवलं होतं. घाई नव्हती.

२६ मे, रविवार
वारा पश्चिमेचा. रिमझिम.

कुरव पक्षी धक्क्याजवळ फार झालेत. बदक उठलं की क्षणात अंडं पळवतात. मी त्यांना हाकलायला पत्र्याच्या डब्यांची भिरभिरी करून नेली. वारा आला की खडखडते. गुनव्होरने आभार मानून ती गोठ्यात ठेवली, गंजू नये म्हणून.

तिचे ओले कपडे स्वयंपाकघरात सगळीकडे लोंबत होते. एकट्या बाईला दोरी बांधून द्यायला कोणी नाही. मी बाहेर खांब रोवून मजबूत दोरी बांधून दिली, हातोडीचे चार ठोके, संपलं काम. रिमझिम थांबली तरी तिने कपडे बाहेर घातले नाहीत. उद्या घालेल.

९ जून, रविवार
वारा नाही. समुद्र तेलासारखा.

गुनव्होर म्हणाली, तुझं इंजिन खाडीच्या तोंडाशी असतं तेव्हा मी कॉफी चढवते, आणि तू दारात येतोस तेव्हा ती उकळते. इंजिनाचं एवढं कौतुक मला आजवर कोणी ऐकवलं नव्हतं.

तिने पुढे विचारलं की हिवाळ्यात तू रविवारी क्वचितच येतोस, आणि वसंतात एकही चुकवत नाहीस, असं का? मी म्हटलं, हिवाळ्यात समुद्र वाईट, आणि वसंतात तुझं बदकांचं काम असतं, तेव्हा तुला सोबत लागते. ती बराच वेळ विणत राहिली. स्वेटरच्या एका बाहीचं काम झालंय.

नर आता सगळे निघून गेले. अंडी झाली की नर समुद्रावर टोळक्याने राहतात, गप्पा मारत. मी म्हटलं, कसले बेजबाबदार. गुनव्होर म्हणाली, "निदान मध्ये मध्ये येऊन त्रास तरी देत नाहीत." मला वाटतं तिला होकोनची आठवण झाली असावी.

२५ जून, मंगळवार
वारा दक्षिणेचा, हलका. लाट नाही.

पिल्लं समुद्रावर गेली. आता बेटावर फिरायला हरकत नाही म्हणून आज सुन्निवाने ग्रोवेरची शेवटची मोजणी केली. आम्ही तिघं. गुनव्होर वाकून एकेका घरात हात घालायची आणि पिसांवरूनच सांगायची की इथून पिल्लं निघाली, इथून मादी अंडी टाकून गेली. सुन्निवा बाहेर काठी रोवत होती, काठीला चिंधी. पिल्लं निघाली तिथे पांढरी, टाकलेल्या घरट्यावर लाल. काठ्या मी पुरवत होतो आणि विनोद करत होतो. कोणी हसत नव्हतं.

पांढऱ्या एकेचाळीस झाल्या. पन्नासच्या खाली. गुनव्होर कॉफी करायला आत गेली.

सुन्निवा मला मधल्या उंचवट्यावर घेऊन गेली. वरून सगळं बेट दिसतं. पश्चिमेला पांढऱ्या चिंध्या दाट, गवतात फुलं आल्यासारख्या. उत्तरेलाही. लाल मात्र एकाच बाजूला. पूर्वेच्या धक्क्यापासून सुरू होतात, वाटेच्या दोन्ही बाजूंनी वर चढतात, झेंड्याच्या खांबाभोवती पसरतात, कपड्यांच्या दोरीखालून जातात आणि बाकाशी येऊन थांबतात. बाकाभोवती सगळ्यात दाट.

मी म्हटलं, हे तर कोणाच्या तरी येण्याजाण्याच्या वाटेसारखं दिसतं.



मग वारा आला आणि सगळ्या चिंध्या एकदम हलल्या. माझ्या अंगावर ते नारिंगी जाकीट होतं. मी ते काढलं. काढून काय उपयोग होता, जून संपत आला होता.

"तिला माहीत होतं?" मी विचारलं.

"बदकं राखणारीला माहीत नसेल?"

"मग बोलली का नाही?"

"ते मी मोजलेलं नाही," सुन्निवा म्हणाली. "तुम्ही विचारा."

मी विचारलं नाही. कॉफी प्यायलो, उभ्याने. धक्क्यावरून बोट वल्ह्याने लांब नेली आणि खाडीच्या बाहेर गेल्यावर इंजिन सुरू केलं. आयुष्यात पहिल्यांदा मला त्याचा आवाज ऐकू आला.

३० जून, रविवार
वारा: लक्ष नव्हतं.

गेलो नाही.

झेंडा, भिरभिरी, दोरी, हातोडी. एकामागून एक आठवत होतं आणि प्रत्येक वेळी मी मान खाली घालून भिंतीकडे तोंड करत होतो, घरात कोणी नसताना. डोळ्यांत पाणी आलं होतं तिच्या झेंड्याच्या वेळी. देशप्रेम म्हणे. माझ्या कानांची तारीफ गावभर आहे. काय ऐकलं मी त्या कानांनी?

ठरवलं, पुन्हा ग्रोवेरला पाऊल ठेवायचं नाही. बदकांना पुन्हा निवांत वाटलं तर कदाचित ती राहील. तिच्यासाठी एवढं तरी करता येईल.

११ ऑगस्ट, रविवार
वारा वायव्येचा.

सुन्निवाचं काम झालं, ती ट्रोम्सोला गेली. वही तुम्हीच ठेवा म्हणाली. नोंदी तिने उतरवून घेतल्या, बाकीचं वाचलं नाही असं सांगितलं आणि लाल झाली.

रविवारी मी आता बर्फाचं यंत्र पुसतो. आज तिसऱ्यांदा पुसलं. ओडवार म्हणाला, त्याला कातडी राहिली नाही आता. मग विचारलं, तुझं आणि गुनव्होरचं भांडण झालं का? मी म्हटलं, उलट, मी तिचं भलं करतोय. तो म्हणाला, "भलं करताना माणूस एवढा सुतकी दिसत नाही."

७ सप्टेंबर, शनिवार
वारा नैऋत्येचा, जोराचा. समुद्र वाईट. तरी गेलो.

झालं असं की मी दुकानात खिळे घ्यायला गेलो होतो. ओडवार मासळीची रिकामी खोकी एकात एक घालून बांधत होता. कोणासाठी विचारलं तर म्हणाला, ग्रोवेरला पाठवायची आहेत, गुनव्होरला सामान भरायला. खिळे तिथेच राहिले, खोकी उचलून निघालो.

पूर्वेच्या धक्क्याला इंजिन चालू ठेवूनच लागलो, बंद करायचं सुचलं नाही. ती दारात होती. कॉफी चढवलेली होती. मी दारातच सगळं बोलून टाकलं: मला कळलंय, लाल चिंध्या माझ्या आहेत, मी म्हणूनच येत नाही, पुढच्या वसंतात बदकं परत येतील, थोडा धीर धर, मी जवळ फिरकणार नाही.

तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बदकं कधी गेली इथून?"

"जूनमध्ये."

"आणि तू कधीपासून येत नाहीस?"

मी बोटांवर मोजायला लागलो.

"जुलै, ऑगस्ट, आणि आता सप्टेंबर. बेटावर एक बदक नाही, अर्नुल्फ. तू बँड घेऊन आला असतास तरी घाबरायला कोणी नव्हतं. बदकं बसलेली असताना एक रविवार चुकवला नाहीस, आणि ती गेल्या दिवसापासून तू गायब. नर बदकसुद्धा एवढं उलटं वागत नाही."

मी खुर्चीवर बसलो. बसायला सांगितलं नव्हतं. बाहेर माझं इंजिन ठुक्-ठुक् करत होतं, मूर्खासारखं.

मी विचारलं, तू मला सांगितलं का नाहीस, पहिल्याच वसंतात.

ती खिडकीकडे तोंड करून म्हणाली, "सांगितलं असतं तर तू आला नसतास. बदकांची घरं मी पश्चिमेला हलवू शकले असते. रविवार कुठे हलवणार होते?"

   कॉफी उतू गेली आणि दोघांपैकी कोणी उठलं नाही.

मग तिने मला बदकांचं सांगितलं, जे मी अर्धवट ऐकून होतो आणि मला लागू नाही असं समजत होतो. जे माणूस एप्रिलमध्ये बदकांच्या आधी बेटावर असतं, रोज तेच कपडे घालतं, रोज त्याच वाटेने फिरतं, त्याला बदकं घरचं धरतात. ते हाताने पिसं सारखी करून देतं तरी मादी उठत नाही. नंतर येतो तो पाहुणा. पाहुणा कितीही चांगला असला तरी पाहुणाच, आणि नेहमी येणारा पाहुणा सगळ्यात वाईट, कारण त्याची सवय होत नाही आणि विसरही पडत नाही.

मी म्हटलं, "म्हणजे ज्याला मेमध्ये यायचं असेल त्याने..."

"एप्रिलमध्ये यायचं."

"आणि परत?"

"पिल्लं समुद्रावर गेल्यावर. म्हणजे, ज्याला परत जायचं असेल त्याने." एवढं म्हणून ती कॉफी पुसायला लागली. एकाच जागी पुसत होती.

ओडवारची खोकी बोटीत होती. मी ती तिच्या गोठ्यात उतरवली. समुद्रगवत वाळवून भरायला चांगली आहेत, असं आमच्यात ठरलं.

१६ मार्च, रविवार
वारा उत्तरेचा, थंड. ईडर लांब समुद्रावर, ऐकू येतात.

सगळा हिवाळा एक रविवार चुकवला नाही. समुद्र वाईट होता, पण तो तर आधीही असायचा. घरं दुरुस्त केली, पूर्वेकडची सगळी. वाहून आलेल्या फळ्या, सपाट दगड, तोंड वाऱ्याच्या उलट बाजूला. गुनव्होर माझं काम मोडून पुन्हा करायला लावते. कपड्यांची दोरी काढली. खांब चांगला खोल रोवला होता, निघता निघेना. तिने विचारलं, रोवताना किती ठोके मारलेस? मी म्हटलं चार. ती म्हणाली, "अकरा. मी मोजले होते."

६ एप्रिल, रविवार
वारा नैऋत्येचा, हलका.

बर्फाचं यंत्र आणि नेसचा धंदा जूनपर्यंत ओडवारकडे. त्यानेच आज मला इथे सोडलं आणि बोट घेऊन गेला. खाडीच्या बाहेरून वल्ह्याने आणलं, सांगावं लागलं नाही. धक्क्यावर माझी पेटी ठेवून म्हणाला, "सुन्निवाला कळवतो. ग्रोवेरवर एक म्हातारा नर वाढलाय, मोजणीत धर म्हणून."

नारिंगी जाकीट मी त्यालाच दिलं. दुकानात टांगेल.

होकोनचा स्वेटर दारामागच्या खुंटीवर तसाच आहे, आणि त्याच्या शेजारी एक नवीन खुंटी. तिच्यावर दुसरा स्वेटर होता, तोच करडा रंग, तीच लोकर. घालून पाहिला. खांद्यांना बरोबर बसला.

मी म्हटलं, "हा तर बहिणीच्या नवऱ्यासाठी होता ना?"

गुनव्होरने माझ्याकडे असं पाहिलं, जणू हे माझ्या डोक्यात शिरायला अजून एक वर्ष लागलं असतं तरी ती थांबली असती, फक्त लाकूडफाटा पुरला नसता.

२९ एप्रिल, मंगळवार
वारा नाही.

मादी सकाळपासून चालत येतेय, पाण्यापासून वर, दोन पावलं आणि थांबणं, दोन पावलं आणि थांबणं. नर मागे राहून आ-ऊऊ करतोय. मी रोजच्या वेळी रोजच्या बाकावर बसलोय, करड्या स्वेटरात, गुडघ्यावर वही. कॉफी हातात घ्यायची सोय नाही, हात हलेल. गुनव्होर खिडकीच्या आत आहे. हसतेय. आवाज न करता हसतेय, पण मला ऐकू येतं.

आत्ता मादी माझ्या बुटाशी आली. बुटाकडे बघितलं. बाकाखाली शिरली. समुद्रगवत सारखं करतेय, छातीने दाबून, गोल गोल फिरून.

ईडर: एक.

पान संपलं. उलटत नाही, आवाज होईल.